दोन झुरके आणि एक ‘नाही’

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’ नावाचा एक अर्ज आहे. छापून काढला तर शंभराहून अधिक पाने होतात. गेल्या दहा वर्षांत अर्जदार कोठे कोठे राहिला, कोठे शिकला, कोणाकडे नोकरी केली, परदेशात त्याचे कोण नातलग आहेत, कोणते कर्ज थकले, पोलिसांशी कधी संबंध आला काय, हे सारे त्यात तपशिलाने विचारलेले असते. अलीकडच्या पत्त्यांसाठी तेथे त्याला ओळखणाऱ्या माणसाचे नावही द्यावे लागते. सरकारची गोपनीय माहिती ज्याच्या हाती सोपवायची, त्याची पारख या अर्जापासून सुरू होते. तिथे या परवानगीला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. मराठीत तिला सुरक्षा-परवाना म्हणता येईल.

न्यू जर्सीतील एडिसन गावात वाढलेला, मूळ सोलापूरच्या कापड व्यापारी घराण्यातला एक चोवीस वर्षांचा तरुण या अर्जासमोर बसला आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. जन्म अमेरिकेतला, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न नाही. अभियांत्रिकीची पदवी उत्तम गुणांनी मिळाली आहे. संरक्षण खात्यासाठी उपग्रहांचे भाग बनविणाऱ्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे. अट एकच, सुरक्षा-परवाना मिळाला पाहिजे. बावीस विभाग भरून होतात आणि तेविसावा येतो : गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थांचे सेवन केले आहे काय? मुलाला वसतिगृहातल्या दोन रात्री आठवतात. मित्राने पुढे केलेला गांजा, दोन झुरके, खोकल्याची उबळ. महिन्याभराने पुन्हा एकदा तसेच. त्यानंतर कधीही नाही. तो वडिलांना विचारतो. वडील क्षणभर गप्प राहतात आणि म्हणतात, “लिहू नकोस. कोणी पाहिलं आहे?” सोलापूरला फोन जातो. थोरले काकाही तेच सांगतात, “घरची गोष्ट घरात. उद्या तुझ्या लग्नाचं बघायचं आहे.”

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे एक सुनावणी कार्यालय अर्जदारांची नावे गाळून आपले निर्णय प्रसिद्ध करते, आणि त्या निर्णयांत अशाच अर्जांची कहाणी पुनःपुन्हा येते. अर्जदार कोणत्याही वंशाचा असो, सल्ला देणारा बाप, भाऊ, मित्र वा वरिष्ठ असो, सल्ला तोच असतो. आणि ज्या झुरक्यांची सरकारने कदाचित फारशी दखल घेतली नसती, ते लपविण्यासाठी लिहिलेला ‘नाही’ हा शब्द नोकरी घेऊन जातो.

हक्क नव्हे, पत

व्यापारी घराण्याला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात उधारीवर माल उचलणाऱ्याची पत पाहिली जाई. तो आज किती श्रीमंत आहे यापेक्षा मागच्या मंदीत त्याने शब्द कसा पाळला, हे पेढीवरचा जाणता माणूस आधी विचारी. माल नाकारला म्हणून कोणी फिर्याद करीत नसे, कारण उधारी हा कोणाचा हक्क नव्हता. अमेरिकेतील सुरक्षा-परवान्याचे तत्त्व याच जातीचे आहे. परवाना नाकारला म्हणजे गुन्हेगार ठरविले असे नव्हे. पण शंका उरली तर तिचा फायदा अर्जदाराला मिळत नाही, राष्ट्राच्या सुरक्षिततेला मिळतो. फौजदारी न्यायालयातल्या नेमकी उलट रीत.

हे तत्त्व पक्के झाले ते थॉमस इगन नावाच्या एका कामगाराच्या खटल्यात. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथे नौदलाच्या ट्रायडंट पाणबुड्यांची डागडुजी होत असे. तेथे इगन १९८१ मध्ये मजुरांचा मुकादम म्हणून लागला. काम हाताचे होते, पण पाणबुड्या अण्वस्त्रधारी असल्याने परवान्याशिवाय ते करता येत नव्हते. चौकशीत मारहाणीची आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याची जुनी शिक्षा निघाली. भरलेले पिस्तूल बाळगल्याच्या आणखी दोन जुन्या शिक्षा त्याने नोकरीच्या अर्जात दाखविल्या नव्हत्या, असा ठपका आला. पूर्वी आपल्याला दारूचा त्रास होता आणि शिक्षेचे शेवटचे अठ्ठावीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात काढले, हे त्याने स्वतःच कबूल केले. परवाना नाकारला गेला आणि पाठोपाठ नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी १९८८ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले, की असा परवाना मिळणे हा कोणाचाही हक्क नाही आणि तो नाकारण्यामागचा विवेक योग्य की अयोग्य, हे नोकरीविषयक तक्रार मंडळाने तपासावयाचे नाही. दारू, जुने गुन्हे आणि न सांगितलेली गोष्ट हे तिन्ही एका मजुराच्या आयुष्यात एकत्र आले, आणि त्यातून निघालेले तत्त्व आज शास्त्रज्ञापासून सफाई कामगारापर्यंत सर्वांना लागू होते.

परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत : कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. कोणालाही आपणहून अर्ज करता येत नाही; ज्या कंपनीला किंवा खात्याला गरज असेल, तिनेच अर्जदाराला पुढे करावे लागते. सामान्यतः अमेरिकेच्या नागरिकालाच परवाना मिळतो. ग्रीन कार्ड पुरत नाही. जून २०१७ पासून सर्व खात्यांना लागू असलेली तेरा सूत्रे आहेत आणि त्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिलेली आहेत. राष्ट्रनिष्ठा, परदेशी नातेसंबंध, आर्थिक व्यवहार, गुन्हेगारी अशी ती आहेत. त्यांतील ‘जी’ हे मद्यपानाविषयी, ‘एच’ हे अमली पदार्थांविषयी आणि ‘ई’ हे वैयक्तिक वर्तन, म्हणजे मुख्यतः खरेपणा, याविषयी आहे.

पावतीसह घेतलेला गांजा

घराघरांत सर्वांत मोठा गैरसमज गांजाविषयी आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने प्रौढांना गांजा मोकळा केला. १ जानेवारी २०१४ रोजी कोलोरॅडोत दुकाने उघडली. त्यानंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. डेन्व्हरला सहलीस गेलेला मुलगा दिवसाढवळ्या दुकानात जातो, वयाचा दाखला दाखवितो, पैसे देऊन पावती घेतो आणि हे बेकायदा कसे, असे विचारतो. उत्तर असे, की १९७० चा केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण कायदा राज्याच्या मतदानाने बदलत नाही, आणि परवाना केंद्र सरकार देते. ऑक्टोबर २०१४ मध्येच राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी सर्व खात्यांना कळविले, की राज्यांनी कायदे बदलले तरी परवान्याचे निकष बदललेले नाहीत. २००८ च्या एका कायद्याने तर अमली पदार्थांचे बेकायदा सेवन चालू असलेल्या वा त्यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस परवाना देण्यास सरळ मनाईच केली आहे.

तथापि ‘चालू आहे’ आणि ‘होते’ यांत अंतर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच संचालक कार्यालयाने नवे मार्गदर्शन दिले : पूर्वी कधी मौजेखातर केलेले गांजाचे सेवन विचारात घेतले जाईल, पण तेवढ्यावरूनच निर्णय होणार नाही. किती वेळा, किती पूर्वी, कोणत्या परिस्थितीत आणि पुन्हा होण्याची शक्यता किती, हे पाहिले जाईल. अमुक महिने उलटले की डाग पुसला, असा ठराविक आकडा मुद्दामच ठेवलेला नाही. ज्यांच्या संगतीत सेवन झाले ती संगत सोडणे, ते वातावरण बदलणे आणि ‘पुन्हा कधीही करणार नाही, केल्यास परवाना रद्द व्हावा’ असे लेखी सही करून देणे, या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने मोजल्या जातात. महाविद्यालयात चार वेळा गांजा ओढून तो सोडलेल्या तरुणाला परवाना मिळणे मुळीच दुर्मीळ नाही.

त्याच पत्रात व्यापारी वाचकांचे लक्ष वेधणारा एक मुद्दा आहे. गांजाचा धंदा करणाऱ्या कंपनीचे शेअर जाणूनबुजून थेट विकत घेणे, हेही अर्जदाराच्या विवेकाविषयी शंका निर्माण करू शकते. म्युच्युअल फंडाच्या पोटात असे शेअर निघाले तर ते जाणूनबुजून घेतले असे सामान्यतः धरले जात नाही; पण तेजी पाहून स्वतः उचललेले शेअर वेगळे. व्यसन स्वतःला नको, नफा मात्र चालेल, हा हिशेब तिथे मान्य होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत नशा म्हणून ओळखलीच जात नाही. परीक्षेच्या दिवसांत जागरण करता यावे, लक्ष लागावे म्हणून अमेरिकेतील विद्यार्थी ‘ॲडरॉल’ नावाची गोळी घेतात. ज्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे त्याच्यासाठी ते औषध आहे. त्याच्या डबीतून एक मागून घेणाऱ्या खोलीतल्या मित्रासाठी तो औषधाचा गैरवापर आहे, आणि अर्जात त्याविषयी स्वतंत्र प्रश्न आहे. ज्या मुलाने सिगारेटही शिवलेली नाही, आईने दिलेल्या डब्यावर जो चार वर्षे वसतिगृहात राहिला, तोही येथे ‘होय’ लिहिण्यास पात्र असू शकतो. दुखणे कमी करणारी म्हणून विकली जाणारी भांगवर्गीय वनस्पतीची तेले आणि गोड वड्या यांचेही तसेच : वेष्टनावर काहीही छापलेले असो, लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश निघाल्यास उत्तर द्यावे लागते. भारतभेटीत होळीला घेतलेल्या भांगेचा पेच आणखी वेगळा. आपल्या १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, म्हणून भांग आपल्याकडे त्या कायद्याबाहेर राहिली. अमेरिकेचा कायदा असा भेद मानीत नाही. अशा वेळी ‘आपल्याकडे चालते’ म्हणून स्वतःच निवाडा करून ती गोष्ट गाळण्यापेक्षा कोठे, केव्हा, किती हे लिहून ठेवणे शहाणपणाचे.

मद्याविषयीचे सूत्र या मानाने सरळ आहे. दारू पिणे कायदेशीर असल्याने ‘पितोस का’ असा प्रश्न नाही. दारूमुळे नोकरी, संसार, पैसा बिघडला काय, पोलिसांना मध्ये पडावे लागले काय, असा आहे. पिऊन गाडी चालविताना एकदा पकडले जाणे हा प्रसंग अर्जात येतोच, आणि दुसऱ्यांदा पकडले गेले तर तो प्रसंग न राहता सवय ठरते.

एका खोट्याचे दोन धोके

अमली पदार्थाविषयी विचारणाऱ्या त्या तेविसाव्या विभागाच्या आरंभी एक वाक्य आहे आणि घाईत बहुतेक जण ते वाचत नाहीत. येथे दिलेली खरी उत्तरे, किंवा त्यांतून मिळालेली माहिती, पुढे कोणत्याही फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, असे सरकारने स्वतःच लिहून दिलेले आहे. म्हणजे खरे सांगणाऱ्याला त्या सांगण्यामुळे तुरुंगाचे भय नाही. उलट खोटे सांगणाऱ्याला आहे : केंद्र सरकारपुढे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. प्रत्यक्षात असे खटले क्वचितच होतात. परवाना मात्र हमखास अडकतो.

खोटे उघडकीस कसे येते? वसतिगृहातला जुना सोबती, शेजारी, माजी वरिष्ठ यांच्याशी तपास अधिकारी बोलतात. पण बहुतेकदा ते अर्जदाराच्याच हातून येते. पहिल्या नोकरीच्या वेळी, सीक्रेट परवान्यासाठी, तो ‘नाही’ लिहितो आणि परवाना मिळतो. पाच-सहा वर्षांनी लग्न झालेले असते, घराचे कर्ज डोक्यावर असते आणि बढतीसाठी अधिक वरच्या परवान्याचा प्रश्न येतो. आता पॉलिग्राफ यंत्रासमोर बसावे लागणार म्हणून तो घाबरून खरे सांगतो. दोन अर्ज शेजारी ठेवले जातात. त्यानंतर ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ नावाचे कारणपत्र घरी येते. वीस दिवसांत प्रत्येक आरोपापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे शपथेवर लिहून द्यावे लागते, आणि मागितल्यास न्यायाधीशासमोर सुनावणी होते.

या सुनावण्यांत पुनःपुन्हा येणारा निकाल चमत्कारिक वाटेल. ‘एच’ सूत्राखाली, म्हणजे गांजाविषयी, निर्णय अर्जदाराच्या बाजूने होतो : सेवन जुने आहे, थोडे आहे, सुटलेले आहे. ‘ई’ सूत्राखाली मात्र निर्णय विरुद्ध जातो आणि तेवढ्याने परवाना जातो. अर्ज घाईत भरला, प्रश्न नीट समजला नाही, आईवडिलांना कळेल याची लाज वाटली, नोकरी जाईल अशी भीती होती, ही कारणे दिली जातात. त्यांतील शेवटची दोन बहुधा खरी असतात, आणि म्हणूनच ती बचाव ठरत नाहीत. आपला फायदा आणि सत्य यांची टक्कर झाली तेव्हा अर्जदाराने काय निवडले, हेच त्यांतून सिद्ध होते. गोपनीय कागद हाती आल्यावर नेमकी तीच टक्कर पुन्हा होणार असते.

दुसरा धोका लपविलेल्या गोष्टीच्या स्वभावात आहे. जी गोष्ट बायकोला, बापाला, मालकाला कळू नये म्हणून माणूस काहीही करील, ती गोष्ट ज्याला कळते त्याच्या हाती त्या माणसाची दोरी जाते. सूत्रांत हे स्पष्ट लिहिलेले आहे : धाक, दबाव वा पिळवणूक यांना बळी पाडू शकेल असे काही दडविणे, हाच एक दोष. काकांनी लग्नाचा विचार करून दिलेला सल्ला ती दोरी वळून ठेवण्याचाच सल्ला होता, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

चूक दुरुस्त करण्याची एक वाट खुली ठेवलेली आहे. खोटे वा गाळलेले उत्तर अधिकाऱ्याने पुरावा पुढे ठेवण्यापूर्वी, लवकर आणि आपणहून सुधारले, तर ते अर्जदाराच्या बाजूने मोजले जाते. अधिकाऱ्याने ‘अमुक मित्र असे सांगतो’ म्हटल्यावर दिलेली कबुली या वाटेत बसत नाही.

मैत्रीखातर रचलेली गोष्ट

खोट्याची सर्वांत प्रसिद्ध किंमत रॉबर्ट ओपनहायमर यांनी मोजली. २०२३ च्या चित्रपटामुळे ती सुनावणी अनेकांना ठाऊक झाली आहे. तिच्यातला कळीचा प्रसंग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९४२-४३ च्या हिवाळ्यात बर्कलीतील त्यांच्या घरी त्यांचे मित्र, फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक हाकॉन शेव्हालिये यांनी स्वयंपाकघरात सहज सांगितले, की सोव्हिएत लोकांपर्यंत माहिती पोहोचविण्याची सोय असलेला एक गृहस्थ आहे. ओपनहायमर यांनी ती गोष्ट तिथेच धुडकावली. तेथवर त्यांचे काहीही चुकले नव्हते. परंतु ऑगस्ट १९४३ मध्ये सैन्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना हे सांगताना मित्राचे नाव वाचविण्यासाठी त्यांनी तपशील रचला; तीन जणांना विचारणा झाली, असे सांगितले. बोलणे ध्वनिमुद्रित होत होते. पुढे नाव सांगावे लागलेच. अकरा वर्षांनी, १९५४ च्या सुनावणीत, ती ध्वनिमुद्रणे त्यांच्यापुढे ठेवली गेली आणि आपण तेव्हा रचून सांगितले, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागले. २९ जून १९५४ रोजी अणुऊर्जा आयोगाने चार विरुद्ध एक मताने त्यांचा परवाना परत न देण्याचे ठरविले आणि कारणांत चारित्र्यातील मूलभूत दोषांचा उल्लेख केला. मुदतीप्रमाणे तो परवाना दुसऱ्याच दिवशी संपणार होता.

ती सुनावणी निःपक्षपाती नव्हती. राजकीय सूड तिच्यात होता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जामंत्र्यांनी तो निर्णय रद्द केला, पण तोवर ओपनहायमर यांच्या मृत्यूला पंचावन्न वर्षे झाली होती. सूड घेणाऱ्यांना हत्यार मात्र शोधावे लागले नव्हते. ते १९४३ मध्येच तयार होऊन पडले होते.

नियम इतके कडक का, याची उत्तरे अमेरिकेच्या अनुभवात आहेत. कॅलिफोर्नियातील एका कंपनीत १९७४ साली क्रिस्टोफर बॉइस नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा लागला. वडील एफबीआयचे निवृत्त अधिकारी. त्यांच्या ओळखीने लागलेला. गुप्त उपग्रहांच्या संदेशांच्या खोलीची किल्ली त्याच्या हाती आली. त्या खोलीत दारूच्या मैफिली चालत आणि गुप्त सांकेतिक कागद नष्ट करण्याच्या यंत्रात पेये घुसळली जात, असे त्याने पुढे सांगितले. बालपणीचा मित्र डॉल्टन ली अमली पदार्थ विकत असे. बॉइसने कागद काढायचे आणि लीने ते मेक्सिको सिटीतील सोव्हिएत दूतावासात नेऊन विकायचे, असा व्यवहार जानेवारी १९७७ पर्यंत चालला. बॉइसला चाळीस वर्षांची आणि लीला जन्मठेपेची शिक्षा झाली.

सीआयएतील ऑल्ड्रिच एम्सची कथा याहून बोधक आहे, कारण त्याचे पिणे कोणापासून लपलेले नव्हते. नोकरीच्या वेळीसुद्धा तो दारूत असे आणि सहकारी दुर्लक्ष करीत. १९८५ पासून त्याने सोव्हिएतांना माहिती विकली. त्या माहितीमुळे अमेरिकेसाठी काम करणारी माणसे मारली गेली. १९८९ मध्ये त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले. पगार त्या मानाने फारच लहान. पॉलिग्राफ चाचण्यांतून तो दोनदा पार पडला. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो पकडला गेला. यंत्र चकू शकते, हे यातून दिसलेच. पण दिवसा डुलणारा माणूस आणि रोखीचे घर ही दोन्ही उघड्यावर असताना नऊ वर्षे कोणी दोन आणि दोन जोडले नाहीत, हे यंत्राच्या चुकीहून मोठे आहे. आपल्या पेढीवर मुनिमाने पगारापेक्षा मोठे घर बांधले असते, तर शेटजींनी दुसऱ्याच दिवशी वह्या मागविल्या असत्या.

घराच्या वह्या

मुलाचे व्यसन ही एक बाजू झाली. खरेपणाच्या कसोटीवर भारतातील घरही अप्रत्यक्षपणे उभे राहते, आणि याचा विचार फार थोडे लोक करतात. अर्जात परदेशातील आर्थिक हितसंबंध विचारलेले असतात. आजोबांनी नातवाच्या नावे ठेवलेली ठेव, काकांनी सोयीसाठी त्याच्या नावावर घेतलेला गाळा, भागीदारीत घातलेले नाव, यांतील किती गोष्टी त्या नातवाला सांगितलेल्या असतात? हिंदू अविभक्त कुटुंबाचा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे; त्यात मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, २००५ पासून मुलीलाही, आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्याने तो आपोआप संपत नाही. एडिसनच्या मुलाने ‘परदेशात मालमत्ता नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे आणि सोलापूरच्या कागदांत त्याचे नाव निघावे, असे सहज घडू शकते. माहीत नसल्यामुळे चुकलेले उत्तर हे जाणूनबुजून सांगितलेले खोटे नव्हे, आणि हा भेद सूत्रांत पाळला जातो. पण तो समजावून सांगण्यात महिने जातात.

आईवडिलांची एक भीती मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लिहिलेले कागद बाहेर गेले तर? ते खरोखरच गेल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. केंद्रीय कर्मचारी कार्यालयाच्या संगणकांतून २ कोटी १५ लाख लोकांची चौकशीसंबंधीची माहिती चोरीस गेली. असे भरलेले अर्जही तिच्यात होते. कोणी कोणाला काय कबूल केले, हे परक्या हातांत पडले. ज्यांनी ते आधीच घरी सांगितलेले होते, त्यांचे मात्र त्यामुळे फारसे अडले नसावे.

त्या कल्पित घरात, एडिसनला, जेवणाच्या टेबलावर संगणक अजून उघडाच असतो. मुलगा वडिलांना विभागाच्या आरंभीचे ते वाक्य वाचून दाखवितो. वडील चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचतात. आई एवढेच विचारते, “आणखी काही आहे का?” मुलगा परीक्षेच्या वेळच्या गोळीचे सांगतो, ती त्याने आतापर्यंत हिशेबातच धरलेली नव्हती. मग ‘होय’ या शब्दापुढची चौकट भरली जाते : महिना, वर्ष, किती वेळा, कोणाबरोबर, पुन्हा करण्याचा विचार आहे काय. शेवटच्या प्रश्नाला तो ‘नाही’ लिहितो. परवाना मिळेल की नाही, हे कळायला अजून बरेच महिने आहेत.

रात्री वडील सोलापूरला पुन्हा फोन लावतात. त्यांना थोरल्या भावाकडून आता एक यादी हवी आहे : एकत्र कुटुंबाच्या कागदांत या मुलाचे नाव कोठे कोठे घातलेले आहे, त्याची.